कॅमेरा कुणाचा?

लग्नसराईत आमच्या थेरगावातली एखादी चांगली लेन्स एका दिवसात तीन ठिकाणी फिरून येते. सकाळी वाकडला साखरपुडा, दुपारी काळेवाडीत लग्न आणि संध्याकाळी डांगे चौकाच्या अलीकडे लॉनवर रिसेप्शन. तिन्हीकडे फोटो काढणारी पोरं वेगळी, लेन्स मात्र तीच. लेन्सचा मालक चौथाच असतो आणि बहुतेक वेळा तो त्या दिवशी चाकणच्या कंपनीत सेकंड शिफ्टला असतो.

पिंपरी-चिंचवडमध्ये वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही. इथे आठवडाभर कंपनी आणि शनिवार-रविवार कॅमेरा अशी दोन आयुष्यं जगणारी खूप माणसं आहेत. कुणी क्वालिटीत आहे, कुणी स्टोअरमध्ये, कुणी माझ्यासारखा हिंजवडीत कोड लिहितो. सगळ्यांकडे सगळं सामान नसतं. एकाकडे बॉडी असते, दुसऱ्याकडे ७०-२०० लेन्स, तिसऱ्याकडे लाइट आणि चौथ्याकडे फक्त स्कूटर. चौघं मिळून एक पूर्ण फोटोग्राफर तयार होतो.

ही देवाणघेवाण ज्या नियमांवर चालते, ते कुठेही लिहिलेले नाहीत. आज मला त्या नियमांबद्दल लिहायचंय आणि त्यांच्या मागे दबा धरून बसलेल्या एका जुन्या प्रश्नाबद्दल.

डबा आणि बिल्ला

पहिला नियम सगळ्यांना ठाऊक आहे: बॅटरी भरून परत द्यायची. घेताना ती अर्धी होती का पाव, हे बघायचं नाही. आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत जात नाही, तसंच हे. डब्यात दोन लाडू गेले नाहीत तर निदान चार दाणे साखर तरी जाते. कॅमेऱ्याच्या बाबतीत ती साखर म्हणजे चार्ज.

दुसरा नियम: मेमरी कार्ड आपलं वापरायचं. मालकाच्या कार्डावर त्याच्या मुलीचा वाढदिवस असू शकतो आणि ‘फॉरमॅट’ दाबायला दोन सेकंद पुरतात. तिसरा: उसनी घेतलेली वस्तू पुढे तिसऱ्याला द्यायची नाही. तो तिसरा मालकाचा सख्खा भाऊ असला तरी नाही. चौथा: सामान पडलं तर आधी मालकाला फोन, दुरुस्तीचं दुकान नंतर. पाचवा: खंडेनवमीला कॅमेरा मालकाच्या घरी पाहिजे. आमच्या पट्ट्यात त्या दिवशी लेथपासून लॅपटॉपपर्यंत सगळ्याला हळद-कुंकू लागतं, झेंडूची माळ पडते. ज्याचं हत्यार आहे, त्याच्या देवापुढेच ते पूजेला बसतं. बाकी वर्षभर ते कुणाच्याही हातात असो.

माझे वडील भोसरीच्या एका कारखान्यात टर्नर होते. त्यांच्याकडून ऐकलेली टूल रूमची पद्धत मला या संदर्भात नेहमी आठवते. कामगाराकडे त्याचा नंबर ठोकलेले पितळी बिल्ले असायचे. खिडकीवर जाऊन मायक्रोमीटर मागितला की स्टोअरवाला एक बिल्ला घ्यायचा आणि मायक्रोमीटरच्या रिकाम्या जागी खिळ्याला अडकवायचा. हत्यार परत आलं की बिल्ला परत. हत्यार कुणाकडे आहे, हे भिंतीकडे नुसतं बघून कळायचं. त्यात उपकाराचा संबंध नव्हता. त्या मायक्रोमीटरने मापलेला जॉब वडिलांचाच असायचा. हत्यार कंपनीचं, म्हणून कारागिरीही कंपनीची, असं शॉप फ्लोअरवर कुणी म्हटलं नसतं.

कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र असं म्हटलं जातं.

माझा एक मित्र चाकणला एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. तीन वर्षांपूर्वी त्याने एक शॉर्टफिल्म केली. नऊ मिनिटांची, रात्रपाळीहून घरी परतणाऱ्या माणसाची. कॅमेरा होता आमच्याच भागातल्या एका सीनिअर फोटोग्राफरचा, ज्याला सगळे ‘दादा’ म्हणतात. एका छोट्या स्पर्धेत ती दाखवली गेली. नंतर चहा पिताना कुणीतरी हसत म्हणालं, “कॅमेरा दादांचा, मग फिल्म पण दादांचीच की!” सगळे हसले, मित्रही हसला. पुढच्याच महिन्यात त्याने हप्त्यावर स्वतःचा कॅमेरा घेतला.

ते वाक्य गमतीतलं होतं, पण त्यामागचा प्रश्न गमतीचा नाही. मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर काढलेलं चित्र कुणाचं? या प्रश्नावर महाराष्ट्रात शंभरहून जास्त वर्षं वाद चालू आहे. भारतातला पहिला कथापट कोणता, या भांडणाच्या मुळाशी एक मागून आणलेला कॅमेरा आहे.

जॉन्सनसकट आलेला कॅमेरा

मुंबईत गिरगावच्या बाजूला कोरोनेशन सिनेमॅटोग्राफ नावाचं थिएटर होतं. तिथे १८ मे १९१२ रोजी ‘श्री पुंडलिक’ नावाचा चित्रपट लागला. करणारे होते रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे, वय वर्षं बावीस. कोकणातून मुंबईत आलेला, एका इलेक्ट्रिकल कंपनीत नोकरी करणारा तरुण. आजच्या भाषेत सांगायचं तर इंजिनिअरिंग कंपनीतला पोरगा, ज्याचा जीव नाटक-सिनेमात अडकलाय. आमच्या भागात असे शेकड्यांनी सापडतील.

‘श्री पुंडलिक’ हे रामराव कीर्तिकरांचं नाटक रंगभूमीवर चालत होतं. तोरण्यांनी ते पडद्यावर आणायचं ठरवलं. नानासाहेब चित्रे आणि इतर सोबत होते. नट मिळाले, नाटक तयार होतं. कॅमेरा नव्हता. तो मिळाला बोर्न अँड शेफर्ड या त्या काळच्या बड्या फोटो कंपनीकडून. आणि तो एकटा आला नाही, जॉन्सन नावाचा इंग्रज कॅमेरामन त्याच्यासोबत आला. चित्रीकरण मुंबईत झालं, फिल्म धुवायला लंडनला गेली आणि तयार होऊन परत आली. सुमारे २२ मिनिटांचा चित्रपट झाला.

पुढच्या वर्षी त्याच कोरोनेशनमध्ये, ३ मे १९१३ रोजी, दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. पहिल्या भारतीय कथापटाचा मान त्याला मिळाला. तोरण्यांचा चित्रपट जवळजवळ एक वर्ष आधीचा, तोही त्याच थिएटरातला. मग मान फाळक्यांना का? त्याची तीन कारणं पुस्तकांतून वर्षानुवर्षं दिली जातात. पहिलं, ‘पुंडलिक’ हे मुळात रंगभूमीवरच्या नाटकाचं चित्रीकरण होतं. दुसरं, कॅमेरामन ब्रिटिश होता. तिसरं, फिल्म लंडनला धुतली गेली.

पहिलं कारण मला समजतं. त्यावर वाद घालता येईल, पण तो चित्रपट म्हणजे काय याबद्दलचा वाद आहे. दुसरं आणि तिसरं कारण मात्र थेट आमच्या चहाच्या टपरीवरचं आहे: कॅमेरा दादांचा, मग फिल्म पण दादांचीच की!

हाच निकष सगळ्यांना लावून बघा. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हे मुंबईतले फोटोग्राफर. ल्युमिएर बंधूंचा खेळ ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात झाला, तो पाहून हे गृहस्थ भारावले. त्यांनी ब्रॅडफर्डच्या रायली ब्रदर्सकडून २१ गिनींना कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये लावलेली कुस्ती चित्रित केली. तीही फिल्म धुवायला इंग्लंडलाच गेली होती. तरी सावेदादांना भारतातले पहिले चित्रकर्ते म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही, कारण कॅमेरा त्यांचा होता आणि तो त्यांनीच चालवला. रँग्लर परांजपे केंब्रिजहून १९०१ च्या डिसेंबरात परतले, तो सोहळाही त्यांनी टिपला. पुढे सावेदादांनी कॅमेरा विकला. तो घेणाऱ्यांत पाटणकर, दिवेकर आणि करंदीकर ही मंडळी होती आणि त्यांनीही चित्रपट काढले. सेकंडहँड कॅमेऱ्याचा बाजार आपल्याकडे सिनेमाइतकाच जुना आहे, हे वाचून मला बरं वाटलं होतं.

थोडक्यात, लंडनला धुतलेली फिल्म सावेदादांना आड आली नाही, तोरण्यांना आली. फरक उरतो तो जॉन्सनचा. सन २०१३ मध्ये भारतीय सिनेमाची शताब्दी साजरी होत होती, तेव्हा तोरणे कुटुंबीय ‘पुंडलिक’ला पहिला मानावं म्हणून मुंबई उच्च न्यायालयात गेले. म्हणजे माणूस जाऊन पाच दशकं उलटली, तरी कॅमेऱ्याचा हिशेब मिटलेला नव्हता.

कुंडीतला वाटाणा

इथपर्यंत वाचून मी फाळक्यांच्या विरुद्ध पक्षात आहे असं वाटेल. तसं नाही. उलट फाळक्यांची गोष्ट नीट वाचल्यावर मला कळलं, की स्वतःच्या कॅमेऱ्याचा खरा फायदा वेगळाच आहे आणि मानपानाशी त्याचा संबंध नाही.

फाळके म्हणजे आयुष्यभर यंत्रांच्या मागे लागलेला माणूस. जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टनंतर ते बडोद्याच्या कला भवनात शिकले. तिथल्या प्राध्यापक गज्जरांनी या विद्यार्थ्याची हुशारी ओळखली आणि फोटोचा स्टुडिओ नि प्रयोगशाळा त्यांच्या हाती सोपवली. हेही उसनंच, पण कसलं उसनं! ‘अमुक वाजता परत आणून दे’ असं नाही, ‘किल्ली घे आणि शिक’ असं. नंतर गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढून झाला. लोणावळ्याला छापखाना काढून झाला. हो, आपल्याच लोकलच्या शेवटच्या स्टेशनावर. पुढे तो दादरला गेला आणि भागीदारांशी बिनसल्यावर सुटला.

ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून फाळक्यांना सिनेमाचं वेड लागलं. सन १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले. पैसे आले कुठून? आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून. तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांना ते भेटले. त्यांनी आधी या उद्योगात पडू नका असं सांगितलं आणि मग निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थने आपल्या स्टुडिओतले सगळे विभाग या परक्या माणसाला मोकळेपणाने दाखवले. फाळक्यांनी सुमारे ५० पौंडांना विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेतलं आणि १ एप्रिलला ते मुंबईत परतले. सामान मागून बोटीने आलं.

आता मुद्द्याचं. कॅमेरा हातात आल्यावर फाळक्यांनी सगळ्यात आधी काय केलं? आजूबाजूच्या पोरांवर हात साफ केला. मग भांडवल उभं करण्यासाठी नमुना म्हणून एक छोटी फिल्म केली, ‘अंकुराची वाढ’. कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा लावला. महिनाभरापेक्षा जास्त काळ थोडंथोडं चित्रण केलं. बी रुजतं, अंकुर फुटतो, वेल वर चढते, हे सगळं पडद्यावर मिनिटभरात दिसलं. ते बघून यशवंतराव नाडकर्णींसारख्या लोकांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली.

ही फिल्म भाड्याच्या कॅमेऱ्यावर करता येईल का, असा विचार करून बघा. जॉन्सनला महिनाभर रोज घरी बोलवायचं, चहा द्यायचा आणि सांगायचं, “साहेब, आज वाटाणा एक बोट वाढलाय, जरा हँडल फिरवा”? कॅमेरा दिवसावर मोजून आणलेला असेल, तर तो दिवसभर नटांसमोर चालेल, कुंडीसमोर नाही. कुंडीसमोर कॅमेरा उभा करायला तो घरचा असावा लागतो. निदान घरचा असल्यासारखा असावा लागतो.

मला हाच खरा फरक वाटतो. मागून आणलेल्या कॅमेऱ्याने चित्र परकं होत नाही. पण वेळ मोजून मिळतो. चुकायला, परत करायला, नुसतं बघत बसायला लागणारा वेळ मिळत नाही. तोरण्यांचा कॅमेरा काम झाल्यावर कंपनीकडे परत गेला. तोरण्यांची कंपनीने कराचीला बदली केली आणि लगेच दुसरा चित्रपट आला नाही. फाळक्यांचा कॅमेरा घरातच होता. तो चालवायला त्यांनी त्र्यंबक तेलंग या मित्राला शिकवलं. रात्री स्वयंपाकघरात अंधार करून सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायला मदत करायच्या, कारण कच्ची फिल्म बिनभोकांची यायची. दिवसा त्याच घरात सगळ्या युनिटचा स्वयंपाक व्हायचा. चित्रपटासाठी सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले. सहा महिने आणि सत्तावीस दिवस काम चाललं. एवढे दिवस भाड्याने कॅमेरा ठेवणं त्या घराच्या आवाक्यातलं नव्हतं.

कोल्हापूरचा तिसरा रस्ता

मागायचा नसेल आणि विकत घेणंही जमणार नसेल, तर काय करायचं? कोल्हापूरचं उत्तर होतं: बनवायचा.

बाबूराव मेस्त्री, म्हणजे बाबूराव पेंटर, आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव हे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे कलावंत. ‘राजा हरिश्चंद्र’ पाहून दोघांना सिनेमाने झपाटलं. मुंबईच्या चोरबाजारातून त्यांनी एक जुना प्रोजेक्टर आणला, तो खोलला, त्याची यंत्रणा समजून घेतली आणि आपला कॅमेरा बनवायला बसले. सन १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूराव थांबले नाहीत. विष्णुपंत दामले यांच्या मदतीने १९१८ च्या सुमारास कॅमेरा तयार झाला. तानीबाई कागलकर या गायिकेने पैशाचं बळ दिलं. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. एखाद्या यंत्राला असा मान मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

पण मला त्या स्तंभापेक्षा पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्या कंपनीत जे शिकले, त्यांची नावं बघा: दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम. कॅमेरा बाबूरावांच्या कंपनीचा, शिकणारे हे. आणि १ जून १९२९ रोजी याच चौघांनी सीतारामपंत कुलकर्णींना घेऊन कोल्हापुरातच ‘प्रभात’ काढली, जी १९३३ मध्ये पुण्याला आली. पेंटरांच्या हाताखाली शिकले म्हणून ‘प्रभात’चे चित्रपट पेंटरांचे, असं कुणी म्हणत नाही. सगळे पेंटरांना गुरू म्हणतात. म्हणजे उसनं घेतलेलं मान्य करायला आपल्याकडे एक छान जागा आहे, ती गुरूची. अडचण फक्त तिथे येते, जिथे देणारा गुरू नसून दुकानदार असतो.

माणसासकट

जॉन्सनची पद्धत मात्र टिकली. मुंबईच्या सिनेमा-मालिकांच्या धंद्यात आजही मोठा कॅमेरा भाड्याने मागवला की त्याच्यासोबत भाड्याच्या कंपनीचा माणूस येतो, कॅमेरा अटेंडंट. पेट्या उघडणं, कॅमेरा जोडणं, लेन्स पुसून हातात देणं, रात्री सगळं मोजून परत नेणं हे त्याचं काम. भाडं शिफ्टवर मोजलं जातं आणि ‘शिफ्ट’ हा शब्द आमच्या पट्ट्याला वेगळा समजावून सांगायला नको.

हा माणूस म्हणजे खरं तर टूल रूमचा पितळी बिल्ला आहे, फक्त पाय असलेला. मालकाचा विश्वास तो खांद्यावर वाहतो. तो फिल्म बनवत नाही, पण त्याच्याशिवाय ती बनतही नाही. पूर्वी अशा लोकांचं नाव पडद्यावर दिसायचं नाही. आता शेवटच्या नामावळीत बारीक अक्षरांत तरी दिसतं. जॉन्सनचं नाव तर इतिहासात आलं ते ‘पुंडलिक’चा मान काढून घेण्यासाठीच आलं. त्याचा पूर्ण परिचयही सांगता येत नाही. त्याने काम चांगलं केलं की वाईट, यावर कुणी बोलत नाही. तो इंग्रज होता, एवढीच त्याची नोंद.

कायदा काय म्हणतो

टपरीवरच्या त्या वाक्याचं उत्तर कायद्यातही आहे आणि ते बऱ्याच फोटोग्राफर पोरांना ठाऊक नसतं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते छायाचित्र काढणारी व्यक्ती. चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. कॅमेऱ्याच्या मालकाचा या व्याख्येत उल्लेखच नाही. दादांचा कॅमेरा असला, तरी बटण तुम्ही दाबलंत तर कर्ते तुम्ही.

त्याच कायद्यात एक गंमत आहे. पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसेल तेव्हा त्या फोटोच्या हक्काचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे रविवारी आम्ही लग्नात काढतो ते हजार फोटो ना लेन्सवाल्याचे, ना बटणवाल्याचे. ते नवरदेवाच्या वडिलांचे, किंवा ज्याने पाकीट दिलं त्याचे. तेव्हा कॅमेरा कुणाचा यावरून मान उंच करणाऱ्यांनी आपल्या बिलांकडे एकदा नीट बघावं.

माझ्या कामात तर हा प्रश्नच विचारला जात नाही. मी लिहिलेला कोड भाड्याच्या सर्व्हरवर चालतो. त्यात निम्म्याहून जास्त लायब्रऱ्या जगभरातल्या अनोळखी लोकांनी फुकट वापरायला दिलेल्या असतात. ॲप माझ्या टीमचं नाही असं कोणी म्हणत नाही. लायसन्सची अट बहुतेक वेळा एवढीच असते, की ज्याचं घेतलंत त्याचं नाव ठेवा. देणाऱ्याचं नाव ठेवा, काम स्वतःचं म्हणा. कॅमेऱ्यालाही हाच नियम पुरेसा आहे.

हप्ता

आता त्या मित्राकडे येऊ. त्याने हप्त्यावर कॅमेरा घेतला, तो चांगला आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता जातो. तो भरायला दर शनिवार-रविवार लग्नं घ्यावी लागतात. सोमवार ते शुक्रवार कारखाना आहेच. दुसरी शॉर्टफिल्म लिहून तयार आहे, पण तीन वर्षांत तिचा एकही शॉट झालेला नाही. उसन्या कॅमेऱ्याने त्याला वेळ दिला नव्हता आणि मालकीच्या कॅमेऱ्याने होता तोही खाल्ला. फाळक्यांच्या गोष्टीतली गहाण पडलेली पॉलिसी आणि गेलेले दागिने आपण भक्तिभावाने सांगतो. पण तो रस्ता सगळ्यांनी धरावा असं म्हणणं क्रूरपणाचं आहे. एका घरात एक सरस्वतीबाई होती म्हणून ते निभावलं.

म्हणून मला या इतिहासात सगळ्यात मोलाचं वाटतं ते तोरण्यांचं पुढचं आयुष्य. ज्याला कॅमेरा मागावा लागला होता आणि त्याची किंमत मोजावी लागली होती, त्या माणसाने पुढे मूव्ही कॅमेरा कंपनी काढली आणि चित्रपट करणाऱ्यांना यंत्रसामग्री पुरवली. नंतर पुण्यात सरस्वती सिनेटोन उभी केली. तिथून १९३२ मध्ये ‘श्यामसुंदर’ आला, ज्यात शाहू मोडक पहिल्यांदा पडद्यावर दिसले. घेणारा देणारा झाला. त्यांच्या नावापुढे ‘पहिले’ लागलं नाही, पण इतरांचं पहिलं काम शक्य व्हावं अशा जागी ते जाऊन उभे राहिले.

तोरणे १९६० च्या जानेवारीत वारले. त्याच वर्षी पुण्यात ‘प्रभात’च्या जागेत सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. तिथे विद्यार्थ्याला मिळणाऱ्या गोष्टींतली मोठी गोष्ट म्हणजे संस्थेचा कॅमेरा आणि त्यावर चुकत शिकायला वेळ. कागदोपत्री निर्माता संस्था असते, पण फिल्म ओळखली जाते ती करणाऱ्याच्या नावाने. कला भवनात गज्जरांनी एका विद्यार्थ्यासाठी जे केलं, तेच इथे रीतसर होतं. पण तिथे जागा मोजक्या. थेरगावातल्या, चाकणमधल्या, भोसरीतल्या पोरांनी काय करायचं?

त्यांच्यासाठी उरतो आपण एकमेकांत पाळतो तो रिवाज. माझ्याकडे एक बरा कॅमेरा आहे. पगार बरा आहे म्हणून घेता आला, त्यात माझी कर्तबगारी नाही. तो आठवड्यातले पाच दिवस कपाटात असतो. एखादा सर्व्हर आठवड्याचे पाच दिवस रिकामा पडून राहिला, तर आमच्या ऑफिसात मीटिंग लागते. म्हणून गेल्या वर्षापासून मी रिवाजात माझ्यापुरती थोडी भर घातली आहे. रविवारी कॅमेरा मागायला येणारे पुष्कळ असतात. मी तो सोमवारी देतो. आणि एका दिवसासाठी नाही, दोन-तीन आठवड्यांसाठी देतो. परत कधी हवा ती तारीख आधीच सांगतो, म्हणजे मधल्या काळात मला फोन करून विचारायची इच्छा होत नाही आणि घेणाऱ्याला रोज उपकाराखाली वावरावं लागत नाही. ‘काय काढलंस?’ हे विचारत नाही. काही काढलं नसेल तरी चालतं, कारण काही न काढता नुसतं बघत राहणं हाही शिकण्याचा भाग आहे. घेणाऱ्यासाठी नियम जुनेच: बॅटरी भरलेली, कार्ड स्वतःचं, तिसऱ्याला नाही, पडला तर आधी फोन. आणि शेवटच्या पाटीवर ‘कॅमेरा साहाय्य’ म्हणून नाव. ते माझंच हवं असं नाही. पण ज्याने दिला त्याचं हवं, म्हणजे उद्या कुणी टपरीवर विचारलं, की कॅमेरा कुणाचा, तर उत्तर पडद्यावरच लिहिलेलं असेल आणि फिल्म कुणाची याचंही.

या महिन्यात कॅमेरा त्या इन्स्पेक्शनवाल्या मित्राकडे आहे. तुम्ही म्हणाल, त्याच्याकडे तर स्वतःचा आहे. आहे. पण तो लग्नांसाठी बॅगेत भरून तयार ठेवावा लागतो. माझा त्याने कारखान्याच्या वाटेवरच्या एका खोलीत, खिडकीसमोर ट्रायपॉडवर लावून ठेवलाय. पाळी सुटली की जाता-येता पाच मिनिटं थांबून एक शॉट घेतो. खंडेनवमीपर्यंत अजून बराच वेळ आहे.